हिरवी रेघ

गेल्या शनिवारी जुना डेटा आवरायला घेतला. आमच्या घरात माळा आवरायचं काम बाबांचं आणि हार्ड डिस्क आवरायचं माझं, अशी वाटणी आहे. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर कॉपी होत होत वीस वर्षं जगलेला एक फोल्डर त्यात सापडला. नाव ‘सबमिशन फायनल’, आत सबमिशन सोडून सगळं. त्यात एक गाणं होतं. खरं सांगायचं तर तेच शोधत होतो.

पुण्यातलं इंजिनिअरिंग हॉस्टेल, २००३ साल असावं. रूमारूमांतून केबल ओढून पोरांनी लॅन उभं केलं होतं आणि त्यावर प्रत्येकाचा एक शेअर्ड फोल्डर. रात्री जर्नल कॉपी करताना दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावायचं, काही नवीन दिसलं की विनॅम्पमध्ये टाकायचं. तिथे ‘ट्रॅक ०३’ मिळालं. तीन मिनिटांचं हिंदी गाणं, कुठल्यातरी कॉलेजच्या बँडचं. रूममध्येच रेकॉर्ड केलेलं, कारण मागे पंख्याचा आवाज येतो. गिटार किंचित बेसूर आणि तरीही गाणं असं की आमचा अख्खा मजला महिनाभर तेच ऐकत होता. शेवटी गाणं संपल्यावर एकजण विचारतो, “झालं का रे?” म्हणजे पोरं आपल्याच इकडची. आर्टिस्टच्या जागी मात्र ‘अननोन आर्टिस्ट’.

आणि इथे मी एक उद्योग केला. रिकामा टॅग बघवेना म्हणून तिथे एका प्रसिद्ध बँडचं नाव टाईप केलं. मला आपलं वाटलं, आवाज तसाच आहे! महिन्याभरात दुसऱ्या हॉस्टेलमधला एक पोरगा मलाच पटवत होता की हे त्यांचं अगदी सुरुवातीचं, दुर्मिळ गाणं आहे. मी मान डोलावली.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजच्या रेडिओबद्दल वाचतोय. तिथल्या पोरांनीही हेच केलं होतं, आवडलेलं गाणं पुढे सरकवणं. फक्त एक गोष्ट त्यांनी अगदी उलटी केली.

आधी शब्दाचं बघू. आज ‘इंडी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते हळुवार गिटार, झोपाळलेला आवाज आणि पावसाळी खिडकी. मूळ शब्द इंडिपेंडंट, आणि त्याचा संबंध आवाजाशी नव्हताच, मालकीशी होता. रेकॉर्ड सीबीएस, वॉर्नर, आरसीए अशा बड्या कंपनीने काढली, की कोणी स्वतःच्या खिशातून पैसे घालून? बस, एवढाच प्रश्न. आत ढणढणाट असो की बासरी.

हा प्रश्न सगळ्यात गंभीरपणे घेतला गेला तो ऑलिंपियात. सिॲटलपासून साधारण शंभर किलोमीटरवरचं हे छोटं गाव, वॉशिंग्टन राज्याची राजधानी. तिथे १९७१ मध्ये एव्हरग्रीन स्टेट कॉलेज सुरू झालं. मार्क नाहीत, ग्रेड नाहीत. शिक्षक तुमच्याबद्दल चक्क लिहून देतात. काय शिकायचं ते विद्यार्थी शिक्षकाशी बोलून ठरवू शकतो. (व्हायव्हाला एक्स्टर्नलचा मूड कसा आहे हे दाराबाहेर उभं राहून विचारण्यात तारुण्य घालवलेल्या माणसाला हे वाचून कसं वाटतं, ते जाऊ दे.) कॉलेजचं शुभंकर आहे जिओडक नावाचा एक अवाढव्य शिंपला. कॉलेजचा एकंदर स्वभाव यावरून कळावा.

आता विद्यार्थ्यांकडे रेडिओ स्टेशन आलं कुठून? अमेरिकन सरकारने १९४८ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी १० वॅटचे एफएम परवाने सुरू केले. दहा वॅट म्हणजे बाथरूममधल्या दिव्याएवढी ताकद, आवाज जेमतेम गावभर जाणार. पण त्यामुळे पोरांच्या हातात मायक्रोफोन आला. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातलं केसीएमयू १९७२ मध्ये असंच दहा वॅटवर सुरू झालं. आपल्याकडे रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं १९९५ मध्ये, आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं पहिलं कॅम्पस रेडिओ स्टेशन लागलं २००४ मध्ये. तोवर आमचं लॅन टाकून झालं होतं.

एव्हरग्रीनचं स्टेशन १९७३ मध्ये सुरू झालं. नाव केएओएस, उच्चार ‘केऑस’, म्हणजे गोंधळ. आणि या गोंधळात सत्तरीच्या अखेरीला जॉन फॉस्टर नावाच्या म्युझिक डायरेक्टरच्या काळात एक कडक नियम आला: स्टेशनवर वाजणाऱ्या संगीतातलं ८० टक्के स्वतंत्र लेबलांचं असलं पाहिजे. अशा रेकॉर्डच्या कव्हरच्या कण्यावर हिरवी रेघ असायची. डीजेने कपाटासमोर उभं राहायचं आणि हिरवं बघून उचलायचं.

मला या नियमाची गंमत वाटते ती अशी. माणसाला मोकळं सोडलं तर तो ओळखीचंच वाजवतो. त्यातून बड्या कंपन्या रेडिओ स्टेशनांना फुकट रेकॉर्ड पाठवायच्या, म्हणजे हाताशी तेच. डीजेला तुम्ही कितीही सांगा की ‘जरा नवीन शोध’, तो मान हलवणार आणि रात्री अकरा वाजता समोर पडलेलंच लावणार. आमच्या धंद्यात यालाच म्हणतात डीफॉल्ट. डीफॉल्ट भाषणांनी बदलत नाही, सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं. फॉस्टरने सेटिंग बदललं.

पण मग ८० टक्के भरायचे कुठून? स्वतंत्र रेकॉर्डी होत्या, पण विखुरलेल्या. कोणी ओहायोत, कोणी टेक्सासात, गॅरेजमध्ये बसून पाचशे प्रती काढलेल्या आणि पलंगाखाली पडलेल्या. त्या शोधायला फॉस्टर आणि मंडळींनी ‘लॉस्ट म्युझिक नेटवर्क’ नावाची संस्था काढली आणि १९७९ मध्ये तिचं मासिक, नाव ‘ओपी’. (संस्थेची आद्याक्षरं एल, एम, एन. त्यापुढे ओ, पी. नर्सरीतल्या पोराला कळेल असा विनोद, पण मला जाम आवडला.) प्रत्येक अंक एका अक्षराचा. पहिला ‘ए’चा, त्यात ए वरून नावं असलेल्या कलाकारांवर लेख, आणि मग सगळ्यांची परीक्षणं. १९८४ मध्ये ‘झेड’चा अंक काढला आणि मासिक बंद केलं. अक्षरं संपली, विषय संपला! चालू मासिक असं ठरवून बंद करणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

आणि आता ती उलटी गोष्ट. ओपीतल्या परीक्षणाखाली पत्ता असायचा. बँडचा किंवा लेबलचा, पोस्टाचा, खराखुरा. परीक्षण दोन ओळींचं का असेना, त्यावर विसंबून तुम्ही पाकिटात दोन-चार डॉलर घालून त्या माणसाला पाठवू शकत होतात. कॅसेटचं तर वेगळं सदर होतं. घरच्या डेकवर गाणं भरून तुम्ही पाठवलंत, तर ओपी त्याचीही दखल घेणार आणि तुमचा पत्ता छापणार. मग ओहायोतल्या कोणालातरी ऑलिंपियातून पत्र येणार, त्याच्या शहरात कधी कार्यक्रम करायचा झाला तर झोपायला कोणाची जमीन मिळेल तेही त्यातच ठरणार. या पत्त्यांच्या जाळ्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं, असं माझं मत आहे. गाणं पुढे जायचं, तेव्हा त्याचा माणूस त्याच्या बरोबर जायचा.

याच वातावरणात इलिनॉयहून आलेला ब्रूस पॅव्हिट नावाचा विद्यार्थी केऑसवर कार्यक्रम करायचा. त्याने १९८० मध्ये ‘सबटेरेनियन पॉप’ नावाचं झेरॉक्स छापाचं मासिक काढलं आणि कॉलेजकडून त्याचं क्रेडिटही मिळवलं. (आमच्याकडे असं काही काढलं असतं तर एचओडींनी पालकांना बोलावलं असतं.) पुढे त्याचं नाव आखडून झालं ‘सब पॉप’. काही अंक चक्क कॅसेटच होते: देशातल्या अनोळखी शहरांतल्या बँडचं एकेक गाणं, एकत्र भरलेलं. १९८२ मधल्या पाचव्या अंकाच्या दोन हजार कॅसेटी गेल्या. कॅल्व्हिन जॉन्सन हा आणखी एक. शाळेत असल्यापासून तो केऑसवर कार्यक्रम करायचा. त्याने १९८२ मध्ये ‘के रेकॉर्ड्स’ सुरू केलं आणि पहिली कॅसेट भरली ती केऑसवरच वाजवलेल्या गाण्यांची.

पॅव्हिट १९८३ मध्ये सिॲटलला गेला. पोटासाठी त्याने काही काळ म्युझॅकमध्ये काम केलं. म्युझॅक म्हणजे लिफ्टमध्ये आणि दुकानांत वाजणारं ते गुळगुळीत संगीत पुरवणारी कंपनी! तिथेच मडहनीचा मार्क आर्मही होता. संध्याकाळी ही मंडळी केसीएमयूवर. मार्क आर्म डीजे, साउंडगार्डनचा किम थायिल डीजे (हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, आईवडील भारतातून गेलेले), आणि पॅव्हिटचा पुढचा भागीदार जॉनथन पोनमनही डीजे. १९८८ मध्ये दोघांनी सब पॉप हे पूर्ण वेळचं लेबल केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी एका नव्या बँडची पहिली रेकॉर्ड काढली, हाताने नंबर घातलेल्या १००० प्रती. बँडचं नाव निर्वाणा. चरित्रात एक प्रसंग येतो: कर्ट कोबेन स्वतः केसीएमयूमध्ये रेकॉर्ड देऊन आला आणि परतीच्या वाटेवर गाडीत रेडिओ लावून बसला. गाणं काही लागेना. शेवटी त्याने रस्त्यावरच्या फोनवरून स्टेशनला फोन करून स्वतःच्याच गाण्याची फर्माईश केली आणि गाडीत वाट बघत थांबला. लागलं.

हे सगळं फार गोड वाटायला लागलं असेल तर थांबा. हिरव्या रेघेला डोळे नव्हते. भिकार रेकॉर्डलाही ती मिळायची, आणि ‘द क्लॅश’सारख्या बँडला नाही, कारण ते सीबीएसवर. शिवाय ही दुनिया बरीचशी गोऱ्या, मध्यमवर्गीय पोरांची होती आणि स्टेजसमोर मुलांचीच दादागिरी. एव्हरग्रीनच्याच कॅथलीन हॅना आणि तिच्या मैत्रिणींनी १९९० मध्ये ‘बिकिनी किल’ काढला तो उगीच नाही.

आणि दुसरी भानगड अशी की याद्या कोणीही वाचू शकतं. १९७८ मध्ये सुरू झालेलं ‘सीएमजे’ नावाचं पत्रक देशभरच्या कॉलेज स्टेशनांवर काय वाजतंय ते गोळा करून छापायचं. पोरांनी एकमेकांना सांगितलेली आवड आता तक्त्यात आली. ज्याच्याकडे तक्ता आहे त्याला बाजार दिसतो (मी रोज ऑफिसात दुसरं काय करतो?). जॉर्जियातल्या अथेन्सच्या आर.ई.एम.चं पहिलं गाणं १९८१ मध्ये एका चिमुकल्या लेबलवर आलं, कॉलेज रेडिओने ते डोक्यावर घेतलं, आणि १९८८ मध्ये ते वॉर्नरकडे गेले.

१९९१ चा ऑगस्ट तर बघण्यासारखा आहे. ऑलिंपियात के रेकॉर्ड्सने सहा दिवसांचं संमेलन भरवलं होतं, बड्या कंपन्यांच्या माणसांना मज्जाव. पहिली रात्र फक्त मुलींच्या बँडची. त्याच आठवड्यात, २३ तारखेला, निर्वाणा इंग्लंडमध्ये रेडिंगच्या मैदानावर वाजवत होते. त्यांचं गेफेनशी करारपत्र झालेलं होतं. कर्टच्या हातावर के रेकॉर्ड्सच्या चिन्हाचं गोंदण, आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याची रेकॉर्ड मायकेल जॅक्सनला खाली ढकलून अमेरिकेत पहिल्या नंबरवर. हिरवी रेघ नसलेली रेकॉर्ड! १९९५ मध्ये सब पॉपनेही ४९ टक्के हिस्सा वॉर्नरला विकला. कोणी याला गद्दारी म्हणतं. मला तसं म्हणवत नाही. भाडं सगळ्यांनाच भरायचं असतं. पण रेघ कुठे मारायची याचं उत्तर त्यानंतर कोणालाच सोपं राहिलं नाही, हे खरं.

मी अडकतो ते त्या पत्त्यापाशी. आमचं लॅन ओपीपेक्षा हजारपट वेगवान होतं. एक गाणं एका रात्रीत चारशे पोरांकडे पोचायचं. आणि त्या चारशे जणांत ते गाणाऱ्याला एक पत्र टाकायची सोय एकालाही नव्हती. नंतर तर मी चुकीचं नावच चिकटवलं. त्या पोरांपैकी कोणी तेव्हा आमच्या हॉस्टेलला आलं असतं, तर त्यांना त्यांचंच गाणं दुसऱ्याच्या नावाने ऐकायला मिळालं असतं. बहुतेक बँड फायनल इयरला मोडलाच असणार. चारशे पोरं पाठ म्हणतायत हे कळलं असतं, तर मोडला असता का, कोण जाणे.

शनिवारी गाणं ओळखणाऱ्या दोन ॲपना ते ऐकवून बघितलं. दोघांनाही काही सापडलं नाही. हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकलं तर दहा जणांनी बदाम पाठवले आणि तिघांनी छातीठोकपणे मी दिलेलं तेच खोटं नाव सांगितलं. मग मी टॅग उघडून ते नाव खोडलं. तिथे आता लिहिलंय: पुणे किंवा आसपास, २००३ च्या आधी, पंखा चालू.

तुमच्यापैकी कोणी ओळखत असेल तर कळवा. शेवटी “झालं का रे?” असं विचारणारा तुमचा मित्र असेल तर त्यालाही सांगा.