मंडळाचे टी-शर्ट छापून घेताय? डिझाईनच्या आधी कापड बघा

शिवजयंती, दहीहंडी, गणपती आणि गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा. या सगळ्यांत छापील टी-शर्टांचा खर्च ठरलेला. डिझाईनवर व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये रात्री दोनपर्यंत चर्चा चालते, पण कापड मात्र दुकानदार दाखवेल ते घेतलं जातं. वर्गणीचे पैसे बहुतेक वेळा इथेच वाया जातात.

गळ्यापासून घेरापर्यंत रंगीत असलेल्या जर्सीवरची छपाई सहसा सब्लिमेशनची असते. डिझाईन आधी कागदावर छापतात आणि तो कागद साधारण 200 अंश सेल्सिअसला कापडावर दाबतात. शाईची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. म्हणून असा छाप हाताला लागत नाही की त्याचे पापुद्रेही निघत नाहीत. सुती धाग्यात मात्र ही शाई टिकत नाही, धुण्यात निघून जाते. शिवाय या पद्धतीत पांढरी शाई नसते, त्यामुळे कापड पांढरं किंवा अगदी फिकटच लागतं. पॉलिस्टर-कॉटन मिक्स घेतलं, तर रंग फक्त पॉलिस्टरच्या वाट्याचाच उमटतो आणि छाप धुवट दिसतो.

दुकानदार शंभर टक्के पॉलिस्टर म्हणतोय ते खरं का, हे बघायला दोन-चार धागे ओढून चिमट्यात धरून जाळा. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सुताची राख होते आणि कागद जळाल्यासारखा वास येतो.

आता विणीकडे वळू. नेहमीच्या शर्टाचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं असतं, तर टी-शर्टाचं स्वेटरसारखं टाक्यांचं, म्हणून ते ताणलं जातं. बाजारात डॉट निट, राईस निट, सॅप मॅटी, सुपर पॉली अशी नावं ऐकू येतील. ही व्यापारी नावं आहेत. एकाच नावाखाली दोन दुकानांत वेगळा माल मिळू शकतो, म्हणून नावावर जाऊ नका. बारीक छिद्रांची वीण हवा खेळती ठेवते, पण त्यावर बारीक अक्षरं तुटक दिसतात. प्रायोजकांची नावं छोट्या अक्षरांत असतील, तर गुळगुळीत वीण बरी. आणि नमुना छापून झाल्यावर तो ताणून बघा. शाई वरच्या थरातच असल्याने सैल विणीत आतला पांढरा धागा डोकावतो.

कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. खेळाच्या जर्सीला 130 ते 160, कॉलरवाल्या टी-शर्टाला 180 ते 220 ठीक. होजिअरीचं कापड बहुधा किलोवर विकलं जातं आणि गणित तिथेच चुकतं. 140 जीएसएमच्या एका किलोत सुमारे 7.1 चौरस मीटर कापड येतं, 180च्या किलोत साडेपाचच. भाव तोच असला तरी टी-शर्ट कमी निघणार. खात्री हवी तर 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा कापा, ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोला आणि आलेल्या ग्रॅमला 100ने गुणा.

घामाचं काय? पॉलिस्टर स्वतः जेमतेम 0.4 टक्के ओलावा धरतं. 'ड्राय फिट' म्हणून विकलेल्या कापडात घाम धाग्यांवरून पसरतो आणि लवकर वाळतो. पण कधी कधी ही करामत फक्त वरून लावलेल्या रसायनाची असते. पाण्याचा थेंब टाकून बघा, तो पटकन पसरायला हवा. मग तोच नमुना चार-पाच वेळा धुऊन पुन्हा थेंब टाका. दुसऱ्या वेळी थेंब मण्यासारखा तसाच बसला, तर कोकणातल्या मे महिन्यात ती जर्सी अंगावर ठेववणार नाही.

पॉलिस्टर कापडाचं देशातलं मोठं केंद्र म्हणजे सुरत. सिंथेटिक होजिअरीसाठी लुधियाना ओळखलं जातं. तिरुपूरची ख्याती मुख्यतः सुती होजिअरीची. तीस-चाळीस टी-शर्टांसाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही. जवळचा जर्सीवालाच कापडासकट काम करून देतो. तरी माल एकाच लॉटमधला घ्या, कारण दोन लॉटचा पांढरा रंगही सारखा नसतो आणि छापल्यावर तो फरक उठून दिसतो. कापड आधी छापून मग कापून शिवतात का, हेही विचारा. तयार टी-शर्टावर छापलं तर काखेत, शिवणीपाशी पांढऱ्या रेघा राहतात. दाबताना कापड किती आटतं, हे एका नमुन्यावरून कळतं, त्यामुळे नमुन्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका.

एका ठिकाणी मात्र पॉलिस्टर नकोच. शिवज्योत घेऊन धावणारे आणि फटाके लावणारे यांच्या अंगावर सुती टी-शर्ट असावा. सूतही पेट घेतं, पण पॉलिस्टर साधारण 250 ते 260 अंशांना वितळून कातडीला चिकटतं आणि भाजणं खोलवर जातं. या मुलांसाठी छातीवर छोटासा छाप असलेले सुती टी-शर्ट वेगळे करून घ्या, रंग बाकीच्यांशी तंतोतंत जुळला नाही तरी चालेल.