शेंडेनक्षत्र आणि कर्जत लोकल

२०२५ च्या दिवाळीत आकाशात दोन धूमकेतू होते. ‘लेमन’ पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला. जवळ म्हणजे सुमारे नऊ कोटी किलोमीटरवर. ‘स्वान’ नावाचा दुसराही त्याच सुमारास पृथ्वीजवळून चालला होता. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ही बातमी प्रत्येक मोबाइलवर पोचली. धूमकेतू मात्र फारच थोड्यांना दिसला.

कारण साधं आहे. लेमन चौथ्या प्रतीच्या आसपास होता. ताऱ्यांच्या तेजाचा हा हिशोब उलटा चालतो, प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. काळोख्या माळरानावरून सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे डोळ्यांनी दिसतात. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या गच्चीवरून तिसऱ्या प्रतीचा तारा सापडला तरी नशीब म्हणायचं. त्यात फटाक्यांचा धूर आणि अवकाळी ढग. ठाणेकरांची आणखी एक अडचण म्हणजे संध्याकाळचा धूमकेतू पश्चिमेला असतो आणि ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत. डोंबिवलीचं त्या मानाने बरं. पश्चिमेच्या रेतीबंदरावर खाडीमुळे वायव्य मोकळी मिळते, पण पलीकडे भिवंडीच्या गोदामांचे दिवे लागलेले असतात. ज्याला धूमकेतू बघायचाच आहे तो द्विनेत्री गळ्यात अडकवून कर्जत किंवा कसारा लोकल पकडतो.

धूमकेतू बघायला गाडीने गावाबाहेर जायचं, ही पद्धत आपल्याकडे जेमतेम चाळीस वर्षांची. त्याआधी धूमकेतू न बोलावता यायचा, सगळ्यांना दिसायचा, आणि बघावा अशी कोणाची इच्छाही नसायची.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत केतूंसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. केतू किती, यावर तिथे आधीच्या आचार्यांचे मतभेद नोंदलेले आहेत. कोणी एकशे एक म्हणतात, कोणी हजार, आणि नारदमुनींच्या मते केतू एकच, तोच वेगवेगळी रूपं घेऊन येतो. केतूचं उगवणं-मावळणं गणिताने काढता येत नाही, हेही तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला ही कबुली फार महत्त्वाची वाटते. ग्रहणाची भीती होती, पण ग्रहण पंचांगात छापून यायचं. स्पर्श कधी, मोक्ष कधी, सगळं आधीच माहीत. पंचांगात जागा नसलेला पाहुणा हा एकटाच. मग त्याच्या येण्याला अर्थ चिकटणारच. राजा मरणार, दुष्काळ पडणार, लढाई होणार. यातलं काही ना काही दर दोन-चार वर्षांनी घडतच असे, त्यामुळे भाकीत चुकण्याची शक्यताही कमी.

नारदमुनींचं मत मात्र अठराव्या शतकात वेगळ्याच तऱ्हेने खरं ठरलं. १५३१, १६०७ आणि १६८२ चे धूमकेतू हा एकच धूमकेतू आहे, असं एडमंड हॅलीने १७०५ मध्ये मांडलं आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल म्हणून सांगितलं. १७५८ हे मराठे अटकेला पोचले ते वर्ष. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लेपोत ही बाई, असे तिघं महिनोन् महिने हाताने आकडेमोड करत बसले होते. गुरू आणि शनी या धूमकेतूला किती उशीर करतील, एवढाच प्रश्न होता. त्यांचं उत्तर आलं एप्रिलचा मध्य. धूमकेतू सूर्याला वळसा घालून गेला १३ मार्च १७५९ ला. महिन्याभराची चूक, पण गणिताने काढता येत नाही हे म्हणणं तिथे संपलं. तेव्हा ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडे होता. १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला, पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेलेला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे.

रेल्वे या गोष्टीत आपल्या कल्पनेपेक्षा लवकर येते. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ची, कल्याण १८५४, आणि १८५६ मध्ये रूळ कल्याणहून पळसदरी-खोपोलीकडे गेले. पुढे आकाशदर्शनाची जागा झालेलं वांगणी याच वाटेवर. दोन वर्षांनी, १८५८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, डोनाटीचा धूमकेतू आला. एकोणिसाव्या शतकातला सर्वांत देखणा धूमकेतू म्हणून त्याचं नाव घेतात. वाकडी, पिसासारखी शेपटी. ५ ऑक्टोबरला तो थेट स्वातीच्या ताऱ्यावरून गेला आणि तारा शेपटीतून लुकलुकत राहिला. दिवस ऐन पितृपक्षाचे, उठाव नुकताच मोडलेला, आणि १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा वाचला जायचा होता. कंदील आणि समयांच्या त्या कल्याणात संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून उभ्या राहिलेल्या कोणालाही तो चुकवणं शक्य नव्हतं. लेमनही २०२५ मध्ये त्याच भूतप तारकासमूहातून, स्वातीपासून फार दूर न जाता गेला. जागा तीच, दिशा तीच, महिनाही तोच. फरक धूमकेतूच्या तेजात होता हे खरं, पण सगळा नाही.

शिकलेल्या मराठी माणसाने धूमकेतूकडे शांतपणे बघायला सुरुवात केली ती यानंतरच्या पन्नास वर्षांत. केरूनाना छत्र्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ काढली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शतकाच्या शेवटच्या दशकात ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ लिहून घरच्या माणसांना अंगणात आणलं. आकाश बघणं ही मौज असू शकते, हे त्या नावातच आलं. पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. वीस इंची परावर्ती दुर्बीण, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडईकनालला गेली. हॅलीचा धूमकेतू येऊन गेल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

१९१० च्या त्या फेरीची भीती मुख्यतः युरोप-अमेरिकेतली आहे, हे आपल्याकडे सहसा सांगितलं जात नाही. शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू सापडला होता आणि १८-१९ मेच्या सुमारास पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती. लोकांनी दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या, धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या. शेपटी इतकी विरळ की कोणाला काही कळलंही नाही. सातवा एडवर्ड ६ मे रोजी वारला होता, त्यामुळे राजा मरतो हे जुनं भाकीत तेवढं साहेबाच्या बाबतीत खरं ठरलं.

आजही या भागात सत्तरी ओलांडलेली माणसं ‘शेंडेनक्षत्र पाहिलं होतं’ म्हणतात, ते बहुधा १९६५ चं. इकेया आणि सेकी या दोन हौशी जपानी निरीक्षकांनी १८ सप्टेंबरला काही मिनिटांच्या अंतराने तो शोधला. इकेया पियानोच्या कारखान्यात कामाला होता. २१ ऑक्टोबरला हा धूमकेतू सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या साडेचार लाख किलोमीटरवरून गेला, तुटला, आणि पहाटेच्या आकाशात लांबलचक शेपूट घेऊन बाहेर आला. पाकिस्तानबरोबरचं युद्ध महिन्याभरापूर्वी थांबलेलं. दिवाळी त्याच आठवड्यात. पुढे कार्तिक, म्हणजे काकड्याला उठणारी घरं. डोंबिवलीहून आग्नेयेला, मलंगगडाच्या बाजूला, फार उजेड नव्हता. बघायला जावं लागलं नाही. पहाटे पाणी तापवायला उठलेल्या बाईलाही तो दिसला असणार. ज्यांना सांधे जुळवायचे होते त्यांना आधीचं युद्ध होतंच, जानेवारीत ताश्कंदही मिळालं. मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली ती पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये.

नंतरचे बेनेट (१९७०) आणि वेस्ट (१९७६) तेजस्वी होते, पण इकडच्या आठवणींत त्यांना फारशी जागा नाही. कोहौटेकचा १९७३-७४ मध्ये एवढा गाजावाजा झाला आणि तो इतका फुसका निघाला की वर्तमानपत्रं धूमकेतूंबद्दल जपून लिहू लागली. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेतला शोधक मात्र हौशीच आहे. एकीकडे शास्त्रज्ञ पृथ्वीकडे येणाऱ्या धूमकेतूचा बंदोबस्त करतात आणि दुसरीकडे या शोधकाची बायको घरात यज्ञ घालते. धूमकेतू टळतो, आणि यज्ञामुळे टळला असं तिला वाटतं. नारळीकर तिला खोटं पाडत बसत नाहीत, यात त्या कथेची सगळी गंमत आहे.

आता १९८६. हॅली परत आला आणि त्याची जाहिरात भरपूर झाली. ९ फेब्रुवारीला तो सूर्याजवळ होता तेव्हा पृथ्वी सूर्याच्या पलीकडे. म्हणजे गेल्या दोन हजार वर्षांतली बघायला सर्वांत वाईट फेरी आपल्या वाट्याला आली. मार्चमध्ये ‘जोत्तो’ यानाने सहाशे किलोमीटरवरून त्याचं केंद्रक टिपलं, पंधरा किलोमीटर लांबीचं, कोळशाहून काळं. मुंबईतून मात्र दक्षिण क्षितिजाजवळचा पुसट डाग, तोही पहाटे, तोही सापडला तर.

आणि या फसलेल्या धूमकेतूनेच आपल्याकडची हौशी खगोलचळवळ उभी केली. हॅलीच्या निमित्ताने मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं. शीवच्या शाळेत बैठका, आणि आकाशदर्शनाला वांगणी. कल्याणात आकाशमित्र मंडळ. ठाण्यात पंचांगकर्ते दा. कृ. सोमण वर्तमानपत्रांतून सांगत राहिले की धूमकेतूला घाबरायचं कारण नाही. ज्याच्या पंचांगात धूमकेतूला रकाना नाही, त्यानेच त्याची भीती घालवायची, यात मला एक न्याय दिसतो. वांगणी का, तर बदलापूरच्या पुढे तेव्हा उजेड संपत असे आणि स्टेशनवर उतरून चालत जाता येत असे. संध्याकाळच्या लोकलने जायचं, रात्रभर आकाश, पहाटेच्या लोकलने परत. मध्ये चहा, स्वेटर आणि लाल कागद लावलेली बॅटरी. हॅली तेजस्वी असता तर लोकांनी तो गच्चीवरून पाहिला असता आणि झोपायला गेले असते. दिसत नव्हता म्हणून गाडीत बसावं लागलं.

शहरातून शेवटचा दिसला तो हेल-बॉप. १९९७ चा मार्च-एप्रिल, वायव्येला, उणे प्रतीचा. ८ एप्रिलला गुढीपाडवा होता; संध्याकाळी गुढी उतरवताना वर बघितलं तरी पुरे. डोंबिवलीच्या गच्च्यांवर माणसं पोरांना खांद्यावर घेऊन उभी होती. त्याच वसंतात कॅलिफोर्नियात एका पंथाच्या एकोणचाळीस जणांनी या धूमकेतूमागून येणाऱ्या यानात बसायचं म्हणून आत्महत्या केली. भीती आणि भाबडेपणा अडाण्यांचा, ही आपली समजूत तपासायला हे उदाहरण पुरेसं आहे.

पुढच्या पंचवीस वर्षांत शहर धूमकेतूंच्या आड आलं. डोंबिवलीला वेगळेच रंग दिसले. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला होता, तेव्हा २०२३ चा ‘हिरवा धूमकेतू’ इथल्या लोकांना कितपत नवलाचा वाटणार? त्याचा हिरवा रंग कार्बनच्या जोडरेणूंमुळे. आपल्या पावसाचं कारण एमआयडीसीत शोधलं गेलं. नियोवाइज २०२० च्या जुलैत आला. वर पाऊस, खाली टाळेबंदी, आणि लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना. वांगणीला जाणार कसं? २०२४ चा त्सुचिनशान-ॲटलास दसऱ्याला पृथ्वीजवळ होता, पश्चिमेला खाली. घाटमाथ्यावरून लोकांनी त्याचे सुंदर फोटो काढले.

भीती गेली ती प्रबोधनामुळे, असं आपण म्हणतो. दीक्षित, नारळीकर, सोमण, मंडळं यांचं श्रेय खरंच मोठं आहे. पण कल्याण-डोंबिवलीच्या साडेबारा लाख वस्तीतले (हा आकडाही २०११ चा) बहुतेक जण मंडळात कधी गेलेले नाहीत. त्यांची भीती सोडियमच्या आणि आता एलईडीच्या दिव्यांनी घालवली. दिसतच नाही, त्याला घाबरायचं कशाला? याचा पुरावा त्याच २०२५ च्या ऑक्टोबरात मिळाला. सूर्यमालेबाहेरून आलेला ‘३आय/ॲटलास’ साध्या डोळ्यांनी कुणालाही दिसणं शक्य नव्हतं, पण तो परग्रहवासीयांचं यान आहे असे निरोप कौटुंबिक ग्रुपांवर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे पुढे पाठवत होते. वराहमिहिराच्या हजार केतूंत हा एक बसला असता. रेतीबंदरावर जाऊन लेमनचा फिकट ठिपका द्विनेत्रीतून पाहिलेल्या माणसाने असा निरोप पुढे पाठवला असेल, असं मला वाटत नाही.

वांगणीही आता पूर्वीची राहिलेली नाही. टॉवर आले, दिवे आले. हौशी लोक नेरळ, मुरबाड, शहापूरच्या पुढे सरकले आहेत. हॅली पुन्हा सूर्याला वळसा घालेल तो २८ जुलै २०६१ ला, आणि ही फेरी १९८६ पेक्षा कितीतरी तेजस्वी असणार आहे. फक्त आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा असेल. ८६ साली शाळेत असलेल्यांनी त्या वेळी ऐंशीच्या पुढच्या वयात माळशेज चढून पर्जन्यछायेत, जुन्नरच्या पलीकडे कुठेतरी, राहायची सोय आधी बघून ठेवायला हवी. कर्जत लोकलने भागणार नाही.