दिनविशेष : २३ नोव्हेंबर
'तिलावा' बुडाले (१९४२)

मुंबईहून मोम्बासामार्गे दरबानकडे निघालेले 'एस. एस. तिलावा' हे जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात जपानी पाणबुडीने बुडवले. पहिल्या टॉर्पेडोनंतर जहाज तरंगत राहिले. काही जण पुन्हा त्यावर चढले आणि तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो लागला. रेडिओ अधिकारी डंकन शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवत राहिले. जहाजावरील ९५८ पैकी २८० जण गेले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना घेऊन 'बर्मिंगहॅम' ही युद्धनौका २७ तारखेला मुंबईला आली.

बुडालेल्यांना ना कबर मिळाली, ना चिता. माणूस पाण्यात गेला की देह हाती लागेपर्यंत घरचे काठ सोडत नाहीत, हे उजनी धरणाच्या काठावरच्या गावांना सांगायला नको. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण दगावले, तेव्हा नातेवाईक असेच पाण्याकडे डोळे लावून बसले होते. 'तिलावा'च्या कुटुंबांना बसायला काठही नव्हता. मुंबईत मृतांची स्मरणसभा झाली ती थेट २०२२ मध्ये, ८० वर्षांनी. हा उशीर लाजिरवाणा आहे.

दुसऱ्या महायुद्धात असेच समुद्रात हरवलेले भारतीय व्यापारी जहाजांवरील खलाशी आणि नौसैनिक यांची सहा हजारांहून अधिक नावे एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत चितगावला, दुसरी मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. आपल्या घरातले कोणी त्या काळी बोटीवर गेले आणि परतले नाही, असे ऐकले असेल तर तिथे चौकशी जरूर करा.