आमच्या चुलीचा इतिहास

देवळाचा इतिहास लिहूं म्हटलें, म्हणजे साधनांची वाण पडत नाहीं. बाप्तिस्म्याच्या वह्या असतात, दगडावर कोरलेले सन असतात, धर्मगुरूंच्या नांवांची मालिका असते. परंतु ज्या घरांतून लोक त्या देवळांत येत, त्या घरांतील चुलीचा इतिहास कोणीं लिहून ठेवलेला नाहीं. तो आजीच्या हातांत होता आणि बहुतेक ठिकाणीं आजीबरोबरच गेला. ह्या स्मरणिकेचीं दोन पानें आम्ही त्या चुलीस देत आहों, तें एवढ्यासाठींच.

वसई प्रांत इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथच्या बहादुरशहानें पोर्तुगीजांस दिला, आणि इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं तो जिंकून घेतला. मधल्या सुमारें दोनशें वर्षांत किल्ला उभा राहिला, मठ उभे राहिले. पुढें त्यांच्या भिंतींतून पिंपळ उगवले. ताटांत जें आलें होतें तें मात्र गेलें नाहीं.

त्यांत पावाची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे, कारण तिच्यांत आमच्या समाजाचा एक जुना सल आहे. रात्रीं विहिरींत पावाचा तुकडा टाकावा, सकाळीं गांवानें नकळत तें पाणी प्यावें, आणि मग सारा गांव बाटला असें ठरावें, ही कथा वसईपासून गोमंतकापर्यंत ज्याच्या कानीं पडली नाहीं असा मनुष्य विरळा. ती अक्षरशः कितपत घडली, हा वाद आम्ही येथें मांडीत नाहीं. परंतु तिच्यांतील एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पाव टाकणारा आणि पाणी पिणाऱ्यास वाळींत टाकणारा, हे दोघेही मनुष्याचा धर्म त्याच्या पोटांत असतो असेंच मानीत होते. ह्या एका बाबतींत उभयतांचें चांगलेंच एकमत होतें!

राज्यकर्तेही याच मताचे होते. गोव्याच्या इन्क्विझिशननें, म्हणजे धर्मन्यायासनानें, इ. स. १७३६ मध्यें एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या घरांनीं कोणकोणत्या हिंदु चाली सोडाव्या याची लांबलचक यादी त्यांत आहे, आणि भात बिनमिठाचा शिजवून मागाहून मीठ घेऊं नये, अशीही एक आज्ञा त्या यादींत आढळते. अ. का. प्रियोळकर यांनीं इ. स. १९६१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत ही हकीकत दिली आहे. जिज्ञासूंनीं ती मुळांतून वाचावी. गरीब बाईच्या मडक्यांत मीठ केव्हां पडतें हें पाहण्यापर्यंत एक सत्ता खालीं उतरली, हें वाचून आम्हांस खेद होतो, आणि तें लपविण्यांत कांहीं भूषण आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जाहीरनामा निघाल्यावर तीनच वर्षांनीं वसई पडली.

आतां ज्या जहाजांतून पाव खाणारे आले, त्याच जहाजांतून आणखी काय काय उतरलें तें पाहूं. मिरची अमेरिका खंडांतली. ती येण्यापूर्वी ह्या देशांत तिखटपणा मिरें, पिंपळी आणि आलें यांचा असे. बटाटा, काजू, अननस, पपई व पेरू हींही तिकडचींच. आणि 'पाव', 'बटाटा', 'काजू', 'अननस' हे शब्द मराठींत पोर्तुगीजांच्या तोंडून आले. ज्या पावाच्या तुकड्यानें एके काळीं गांव बाटे, त्याच पावांत बटाट्याचा वडा घालून इ. स. १९६० नंतरच्या दशकांत दादर स्टेशनाबाहेर तो विकूं लागले, आणि आज ब्राह्मणापासून भंडाऱ्यापर्यंत सारा महाराष्ट्र तो उभ्याउभ्या खातो. वर तोंडीं लावावयास मिरची असतेच. त्या पदार्थांतून समुद्रापलीकडचें तेवढें काढून टाकलें, तर हातांत थोडें बेसन आणि लसूण उरेल.

उलट, ज्यास लोक परदेशी म्हणतात तें आमचें अन्न पुष्कळसें येथल्याच मातीचें आहे. इंद्यालच घ्या. पोर्तुगीज लोक मांस द्राक्षमद्यांत व लसणींत मुरवीत. त्यांच्या भाषेंत त्यास 'विन्या द आल्योश' म्हणत. येथें द्राक्षमद्य कोठलें? पण माड होता, माडाची सुर होती आणि सुरेचा सिरका होता. गार्सिया द ओर्ता ह्या वैद्यानें इ. स. १५६३ मध्यें गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत माडाचें वर्णन करतांना सुर व तिचा सिरका यांची नोंद केलेली आहे. त्या सिरक्यांत सुक्या मिरच्या, जिरें, हळद, आलें आणि पुष्कळशी लसूण वाटून मांसास चोळली, कीं गोव्याचें विंदालू आणि आमचें इंद्याल झालें. परदेशांतील खाणावळवाल्यांनीं शेवटल्या 'आलू'चा अर्थ बटाटा असा करून तो त्यांत घातला, त्यास आमचा इलाज नाहीं. सिरक्यामुळें इंद्याल टिकतें, आणि तिसऱ्या दिवशीं पहिल्यापेक्षां अधिक रुचतें. लग्नघरीं पाहुणे पांगल्यावर घरच्या माणसांस जें खरें जेवण मिळे, तें हेंच.

त्याबरोबर फुगे हवेतच. मैदा, अंडीं, नारळाचें दूध, थोडी साखर व मीठ यांचें सैल पीठ सुर घालून हातानें पुष्कळ वेळ फेंटावयाचें आणि झांकून ठेवावयाचें. तें फुगून वर आलें, म्हणजे ओल्या मुठींत घेऊन आंगठा व तर्जनी यांच्या मधून एकेक गोळी कढत तेलांत सोडावयाची. गोळी स्वतःच उलटली, तर पीठ साधलें. हें प्रमाण वाट्यांनीं सांगतां येत नाहीं; फेंटणाऱ्या हाताला तें कळतें. इ. स. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर सुर मिळणें दुरापास्त झालें आणि तिच्या जागीं बाजारचें खमीर आलें. खमिरानें फुगे चांगलेच फुगतात. सुरेचा तो किंचित् आंबूस गोडवा मात्र त्यांत येत नाहीं, असें आमचें मत आहे. तरुण वाचकांनीं हवें तर त्यास म्हातारपणाची चव म्हणावें.

इ. स. १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, मुंबई-साष्टीकडील मूळच्या ख्रिस्ती लोकांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. गोवा-मंगळूरकडून चाकरीसाठीं येणाऱ्या धर्मबांधवांहून आपण निराळे, येथलेच, हें सरकारास कळावें असा त्यांचा हेतु होता. आमच्या वसईंतील सामवेदी व वाडवळ घराण्यांनीं तें नांव फारसें मनावर घेतलें नाहीं. नांव सरकारासाठीं होतें. शेजाऱ्यास खरी ओळख पटे ती बाटलीवरून. बाटली म्हणजे बाटलीचा मसाला. उन्हाळा कडक झाला, कीं अंगणांत चटया पसरून मिरच्या, धणे, हळकुंडें वाळत पडत. तीळ, खसखस, मोहरी, गहूं, चण्याची डाळ हीं निरनिराळीं भाजली जात. दगडफूल, नागकेशर, दालचिनी, वेलदोडे वगैरे मिळून जिन्नस वीस-पंचवीसांच्या वर सहज जात. मग कांडणाऱ्या बाया येत. त्या घरोघर फिरत, लांकडी उखळाभोंवतीं उभ्या राहून पाळीपाळीनें मुसळ घालीत, आणि गल्लीभर शिंका चालत. तयार मसाला बियरच्या रिकाम्या, गडद रंगाच्या बाटल्यांत ठांसून भरीत. त्या काचेमुळें उजेड लागत नसे, रंग व वास वर्षभर टिकत. कोणत्या घरीं कोणता जिन्नस अधिक पडतो, हें मात्र सुनेसही लग्नानंतर लगेच कळत नसे. आतां मसाला गिरणीवर जातो. कांडणाऱ्या बायांचा धंदा बसला, आणि कोणत्या घराचें प्रमाण काय हें ज्यांस तोंडपाठ होतें, त्या बायाच होत्या.

आगगाडी इ. स. १८६४ मध्यें सुरतेकडून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोंचली, आणि वसईचीं केळीं, विड्याचीं पानें व भाजी शहराच्या बाजारांत जाऊं लागली. माल विकून जो धोबीतलावाकडे वळे, त्यास तेथें इराण्यांचीं हॉटेलें भेटत; त्यांतील कयानीचें दुकान इ. स. १९०४ पासूनचें आहे. कडक ब्रून पाव, त्यावर मस्का आणि चहा. तेथें कोणाची जात कोणी विचारीत नसे, ही त्या संगमरवरी मेजांची थोरवी आम्ही विसरत नाहीं.

शेवटीं सुकेळ्यांविषयीं दोन शब्द. पिकलेलीं राजेळी केळीं सोलून, रोज उलटींपालटीं करीत, उन्हांत वाळवितात. आठवडाभरानें तीं मधाच्या रंगाचीं होतात, मग केळीच्याच सुक्या पानांत बांधतात. ह्यांत मिरची नाहीं, सिरका नाहीं, आणि कोणाचा धर्मही नाहीं. कार्तिकांत निर्मळच्या यात्रेंत तीं हिंदु घेतात, ख्रिस्तीही घेतात. मात्र त्यांस वाडी लागते, आणि वाडीवर सबंध दिवसाचें ऊन लागतें. वाड्यांच्या जागीं इमारती उठल्यापासून तीं करणारीं घरें थोडींच उरलीं आहेत, आणि आगाशीकडे हें काम अद्यापि करणाऱ्यांत बहुतेक वृद्ध स्त्रियाच आहेत.