खानापूर : एका मतदारसंघाची जडणघडण

विधानसभेचा मतदारसंघ नकाशावर एका रेषेने आखलेला दिसतो. प्रत्यक्षात मात्र तो डोंगर, नद्या, बाजारपेठा, भाषा आणि माणसांच्या आठवणी यांनी घडलेला असतो. बेळगाव जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचा खानापूर मतदारसंघ हे याचे बोलके उदाहरण होय. मराठी शाळांत शिकलेल्या अनेक पिढ्यांनी येथे मतदान केले. त्या मतदानाचा इतिहास समजून घेणे म्हणजे सीमाभागातील मराठी समाजाच्या आशा-निराशांचा आलेख वाचणे आहे.

या मतदारसंघाचा गाभा म्हणजे खानापूर तालुका. पश्चिमेला सह्याद्रीची दाट अरण्ये, भीमगडचा परिसर आणि धुवाधार पाऊस. कणकुंबीजवळ मलप्रभेचा उगम होतो. जांबोटी-कणकुंबी मार्गाने चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. दक्षिणेस लोंढा हे रेल्वे जंक्शन. मध्यभागी भातशेतीची गावे, तर पूर्वेकडे नंदगड, बिडी, इटगी या बाजूला भूमी मोकळी होत जाते आणि कन्नड अधिक ऐकू येते. हलशीची प्राचीन मंदिरे कदंबांच्या राजवटीची साक्ष देतात. नंदगड येथे १८३१ मध्ये क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांना फाशी देण्यात आले. दोन्ही भाषांचा वारसा एकाच मातीत असा मिसळलेला आहे. तालुक्यात मराठी भाषकांचे प्रमाण निम्म्याहून अधिक असले, तरी कन्नड भाषकांची संख्याही लक्षणीय आहे. येथील राजकारण समजण्यासाठी ही दोन्ही वास्तवे एकत्र लक्षात घ्यावी लागतात.

स्वतंत्र भारतातील १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील मतदारांनी मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी मतदान केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अंमलात आली. चंदगड तालुका वगळून उर्वरित बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९५७ मध्ये त्याच मतदारांचे प्रतिनिधी बंगळूरच्या सभागृहात बसणार होते. गाव, शेत, घर काहीच हलले नव्हते. राज्य मात्र बदलले होते. या एका घटनेने पुढील अर्धशतकाच्या निवडणुकांचा मुख्य प्रश्न ठरवून टाकला.

महाराष्ट्र एकीकरण समितीने हा प्रश्न मतपेटीतून मांडला. २००४ पर्यंतच्या बहुतेक निवडणुकांत खानापूरने समितीच्या वा समितीपुरस्कृत उमेदवारांना कौल दिला. विधानसभेत अल्पसंख्य असलेला हा आवाज कायदे बदलू शकत नव्हता. तरी तो नोंदवला जात होता. येथील मतदारांना निवडणूक ही काही अंशी सार्वमतासारखी वाटत असे, ती त्यामुळेच.

१९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवावे, मात्र निपाणी, नंदगड आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि शिफारशी अंमलात आल्या नाहीत. १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. म्हणजे जो प्रश्न मतदार मतपेटीत टाकत होते, तो आता न्यायालयाच्या दारीही पोहोचला.

दरम्यान मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००८ ची निवडणूक नव्या सीमांनुसार झाली. उचगावसारखे जुने मतदारसंघ नाहीसे झाले. खानापूरचे नाव मात्र टिकले. लोकसभेसाठी खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतो. बेळगाव जिल्ह्यातील मतदार त्यामुळे कारवार आणि शिरसी या भागांबरोबर एकच खासदार निवडतात. भाषा, जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ या तीन वर्तुळांच्या सीमा कोठेही जुळत नाहीत.

२००८ मध्ये भारतीय जनता पक्षाचे प्रल्हाद रेमाणी विजयी झाले. त्या वेळी समितीचा एकही उमेदवार सभागृहात पोहोचला नाही. २०१३ मध्ये समितीचे अरविंद पाटील निवडून आले. २०१८ मध्ये समितीच्या नावावर दोन उमेदवार परस्परांविरुद्ध उभे राहिले आणि काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर सुमारे ३६ हजार मते मिळवून विजयी झाल्या. आघाडी सुमारे पाच हजारांची होती. मतदान करणाऱ्या चौघांपैकी जेमतेम एकाचा कौल विजयाला पुरेसा ठरला. समितीच्या दोन्ही उमेदवारांच्या मतांची बेरीज विजयी मतांहून अधिक होती. तथापि अशी बेरीज मांडताना जपून बोलावे लागते. उमेदवार एकच असता तर सारी मते त्यालाच मिळाली असती, असे कोणीही ठामपणे सांगू शकणार नाही. २०२३ मध्ये भाजपचे विठ्ठल हलगेकर पन्नास हजारांहून अधिक मतांच्या आघाडीने विजयी झाले.

या बदलाचा अर्थ मराठी मतदाराने भाषा सोडली असा लावणे घाईचे ठरेल. राष्ट्रीय पक्षांनीही मराठी भाषक उमेदवार उभे केले. मतदारासमोर रस्ते, सिंचन, पावसाळ्यात तुटणारी गावे आणि नोकऱ्यांसाठी बाहेर पडणारी तरुणाई हेही प्रश्न उभे राहिले. मात्र एक धडा स्पष्ट आहे : एकजूट नसेल, तर बहुसंख्येचेही प्रतिनिधित्व हरवते.

भाषेचे रक्षण केवळ आमदारांवर सोपवून चालत नाही, हेही या इतिहासातून दिसते. ज्या १९५६ ने राज्यांची पुनर्रचना केली, त्याच वर्षी राज्यघटनेत कलम ३५० अ समाविष्ट झाले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते राज्यांना सांगते. आमदार दर पाच वर्षांनी बदलतो. शाळेत मातृभाषेतून घडलेला विद्यार्थी मात्र पुढच्या पिढीचा मतदार होतो. तो वृत्तपत्र कोणत्या भाषेत वाचेल, प्रश्न कोणत्या भाषेत विचारेल, हे वर्गातच ठरते.

साठ वर्षांच्या वाटचालीत सीमाभागातील मराठी शाळांनी हेच कार्य केले. मतदारसंघाची रेषा आयोग आखतो. मतदार मात्र घर आणि शाळा मिळून घडवतात. ही दुसरी जबाबदारी आज पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या हाती आहे.