रमाबाईंच्या घरचा हिशेब

परवा रनाळ्याला घरी गेलो होतो. पहिल्याच रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "एवढा पगार घेतोस, मग द्यायची वेळ आली की हात का आखडतो रे?" विषय नात्यातल्या एका मुलीच्या फीचा होता. मी गृहकर्जाचा हप्ता पुढे केला. (आम्हा इंजिनिअरांचा हुकमी एक्का!) परतताना बसमध्ये मात्र पंडिता रमाबाई डोक्यातून जाईनात. त्यांचं १९०७ चं आत्मकथन नुकतंच वाचलं होतं.

मंडळी, या बाईंनी दानाची दोन्ही टोकं पाहिली. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पुण्यासाठी तीर्थयात्रा आणि दानधर्म यांत होतं नव्हतं ते घातलं. मग १८७० च्या दशकात दुष्काळ आला. दागिने, भांडी सगळं विकलं गेलं. मजुरी करायची तर जातीचा अभिमान आड, आणि पोटापुरतं कमवायचं कसं हे कुणी शिकवलेलंच नाही! १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, त्याही 'स्त्रीधर्मनीती' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीवर. तिथे ख्रिस्ती झाल्या. पुढे अमेरिकेत गावोगाव भाषणं दिली. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली आणि तिने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होतात म्हणून गदारोळ उठला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मला तो आक्षेप अगदीच पोकळ वाटत नाही. ज्याच्या ताटात जेवतो त्याला 'नाही' म्हणता येतं का, हे कुठल्याही धर्माच्या दानाला विचारावंच.

असो. पण आलेल्या पैशाचं बाईंनी काय केलं बघा. दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा गोळा करून आणल्या. त्यांना जेवू घातलंच, पण शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना हेही शिकवलं. सोळाव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या हातात जे नव्हतं, नेमकं तेच!

रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ मध्ये निघालं, केडगावच्याच छापखान्यातून.

फीचे पैसे मी बसमधूनच पाठवले. बाबांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर पुढच्या खेपेला देवळाची वर्गणी निघायची.