चाकाची रुंदी आणि ओझ्याचा हिशेब

विजापूरच्या शेर्झा बुरुजावर असलेली मुलूख मैदान तोफ मूळची तेथली नाही, हे अनेकांना ठाऊक असते. पण ती तेथे पोहोचली कशी, याचा विचार फारसा होत नाही. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही सुमारे ५५ टनांची तोफ परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तेथून ती विजापूरला नेण्यात आली. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे ती ओढण्यासाठी लागली, असे परंपरा सांगते. परंपरेतल्या आकड्यांवर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न वेगळा. परंतु अडचण मात्र खरी होती. परांड्यापासून दक्षिणेकडे जाताना सीना आणि भीमा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन तुडवावी लागते. तेथे रस्ता नव्हता, आणि जिथे चाक रुतते तिथे चाकाचे उणेपण जनावरांच्या संख्येने भरून काढावे लागते.

याच परांडा तालुक्यात सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव आहे. आज ते देवस्थानाइतकेच भैरवनाथाच्या नावाने चालणाऱ्या साखर कारखान्यामुळेही ओळखले जाते. या मुलखाचा इतिहास किल्ले, सरदार आणि देवस्थाने यांच्या अंगाने बऱ्याचदा सांगितला जातो. तो चाकाच्या अंगानेही सांगता येईल. आज एखादा हौशी तरुण आपल्या जीपला कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठे टायर बसवतो, तेव्हा आपण काही नवेच करीत आहोत असे त्याला वाटते. वस्तुतः रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनाला कोणते चाक लावावे, हा या भागातला निदान दोनशे वर्षांचा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरे वेळोवेळी बदललेली आहेत.

'मोठे चाक' या शब्दांत दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक उंची आणि दुसरी रुंदी. उंच चाक अडथळा सहज ओलांडते. दहा सेंटिमीटर उंचीचा धोंडा आडवा आला, तर ६० सेंटिमीटर त्रिज्येचे कठीण चाक त्यावर चढवण्यास त्या चाकावरील ओझ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश इतका जोर लावावा लागतो. तेच चाक ३० सेंटिमीटर त्रिज्येचे असेल, तर ओझ्याहूनही अधिक. रुंदीचे काम वेगळे आहे. ती ओझे जमिनीवर पसरवते आणि चाक रुतू देत नाही. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगून लोण्यासारखी होणारी आपली काळी माती या दोन्ही गुणांची परीक्षा पाहते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दख्खनच्या पठारावरील बहुतेक मालवाहतूक चाकावर नव्हतीच. ती लमाणांच्या बैलांच्या पाठीवर होती. गाड्या होत्या, पण त्या शेतातले खत आणि दगड वाहण्यापुरत्या. त्यांची चाके भरीव लाकडाची किंवा दगडाची, बुटकी, आणि आखासकट फिरणारी असत. असली गाडी दहा कोसांवरच्या बाजारात नेणे व्यवहार्य नव्हते. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी जमीनमोजणी सुरू झाली. त्याच सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने हलकी, उंच, आरे असलेल्या चाकांची गाडी तयार करवली आणि टेंभुर्णी येथे अशा गाड्या बांधण्याचा कारखाना काढला. टेंभुर्णी म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका, परांड्याचा शेजारच. मध्ये हद्द होती ती एवढीच, की टेंभुर्णी इंग्रजांच्या मुलखात आणि परांडा निजामाच्या. जुन्या गाडीला अवजड चाकांमुळे बैलांची रांग लागे. नव्या गाडीला एक जोडी पुरली.

आपल्या भागापुरते पाहिले तर मोठे चाक बसवण्याचा हा पहिला ठळक प्रयोग म्हणता येईल. त्याची एक बाजू विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ती गाडी कुणब्याच्या मालकीची होती. तिचे आरे, तुंबा आणि पाट्या गावचा सुतार करी, लोखंडी धाव लोहार चढवी. चाकाने वाचवलेले बळ त्यामुळे गावातच राहिले. ज्याचे बैल त्याचीच गाडी आणि त्याचाच माल, म्हणून किती भरायचे हे ठरवणाराही तोच होता. बैल बसला तर नुकसान त्याचेच होते आणि हा धाकच ओझ्याची मर्यादा ठरवीत असे.

या चाकाची उंची चांगली होती, रुंदी मात्र बेताची. धावेची पट्टी अरुंद, त्यामुळे सगळे ओझे बोटभर रेषेवर येई. ओल्या जमिनीत ती धाव सुरीसारखी उतरे आणि मागून येणारी गाडी त्याच खाचेतून चाले. 'चाकोरी' हा शब्द आज आपण विचारांविषयी वापरतो. तो मुळात या खाचेचा आहे. खडी दाबून केलेले सडक-रस्तेही लोखंडी धावेने उखडत. सडका वाढू लागल्या तशी ही बाब गाडीवानापेक्षा सडकेच्या मालकाला अधिक खुपू लागली. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९२७ मध्ये नेमली गेली, १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत रस्त्यांची योजना आखली गेली. या काळात रस्ता मोटारीसाठी आणि बैलगाडी मात्र त्याची शत्रू, अशी विचारसरणी हळूहळू रुळत गेली.

दरम्यान शेजारीच एक वेगळे उत्तर आकाराला आले होते. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी अडीच फूट रुंदीची बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. हलक्या रुळांवर भारी माल कसा न्यायचा, हा त्यांचा प्रश्न. त्याला त्यांनी उत्तर दिले ते चाक मोठे करून नव्हे, तर ओझे अनेक आखांवर वाटून. एका आखावर पाच टनांहून अधिक भार नाही, हा त्यांचा नियम. हा नियम पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावा, कारण चाक बदलताना भारावर मर्यादा घालण्याची गोष्ट पुढे फारशी कोणी बोलली नाही.

रुंदीचा प्रश्न सोडवला तो रबराने. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने हवा भरलेल्या टायरचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते; पण तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे त्याने वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरच्या इंजिनांना जाड भरीव रबराची चाके बसवली, आणि १८७० नंतरच्या दशकात क्रॉम्प्टनने असली इंजिने पंजाबात सरकारी मालवाहतुकीसाठी चालवून पाहिली. हवेचा टायर खऱ्या अर्थाने रूढ झाला तो १८८८ नंतर, डनलपमुळे. शेतात तो आणखी उशिरा उतरला. रबर मातीत घसरेल, पोलादी खुंट्यांच्या चाकाला पर्याय नाही, अशी समजूत होती. १९३२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने ट्रॅक्टरला विमानाचे रुंद टायर कमी हवेवर बसवून दाखवले, तेव्हा ती समजूत ढासळली. हवेच्या टायरचे मर्म असे, की आतल्या हवेचा दाब जेवढा, जवळपास तेवढाच दाब तो जमिनीवर टाकतो. हवा कमी केली की टायर पसरतो, ओझे पसरते आणि चाक वर राहते.

१९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलपचा कारखाना निघाला आणि देशातच टायर बनू लागले. बैलगाडीला टायर लावण्याचा विचारही त्याच काळातला. प्रत्यक्षात खेड्यापाड्यांत टायरगाडी पसरली ती बहुधा मोटारींचे जुने टायर आणि जुने आख घेऊन. तिचे चाक लाकडी चाकाच्या निम्म्याच्या आसपास उंच, पण कितीतरी रुंद. उंचीत गमावलेले काही अंशी टायरच्या लवचीकपणाने आणि पोलादी छर्ऱ्यांच्या बेअरिंगने भरून काढले. गाडी चाकोरीतून मोकळी झाली. सुतार आणि लोहार मात्र कामातून गेले. फुटलेला आरा गावात बदलता येई, टायर गावात बनत नाही.

आता हिशेबाकडे येऊ. भारवाहू जनावरांना होणाऱ्या क्रौर्याला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये नियम केले. त्यांतील कोष्टक बोलके आहे. मध्यम बांध्याच्या बैलाच्या दोनचाकी गाडीला हवेचे टायर नसतील, तर मर्यादा ७०० किलो. टायर असतील तर १०५०. आणि बेअरिंगही असतील तर १४००. म्हणजे चाक सुधारले की ओझे दीडपट, आणखी सुधारले की दुप्पट. हे नियम जनावराच्या दयेपोटी झालेले आहेत आणि शास्त्रीय दृष्ट्या त्यांत वावगे काही नाही, कारण बैलाला लावावा लागणारा जोर तेवढाच राहतो. परंतु चाकाने वाचवलेल्या बळाचे काय करायचे, याचे एकच उत्तर त्यात गृहीत धरले आहे. ते बळ बैलाला विश्रांती म्हणून मिळत नाही, ते ओझ्यात जमा होते. आणि चढावर, उतारावर किंवा खड्ड्यात, जिथे टायरची मदत कमी पडते, तिथे ते वाढीव ओझे बैलाच्या मानेवरच येते. उतारावर पुष्कळ गाड्यांना ब्रेक नसतो. जू आणि मान एवढेच काय ते ब्रेक.

या व्यवस्थेचे सर्वांत स्पष्ट रूप साखरधंद्यात दिसते. १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना गळितास लागला आणि पुढच्या काही दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहत गेले. त्यांचा ऊस तोडायला आणि वाहायला बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यांतून माणसे जाऊ लागली. त्या धंद्यात मजुरांची विभागणी चाकावरून झाली, ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. स्वतःची लाकडी चाकांची गाडी आणि बैल घेऊन जाणारे ते 'गाडी सेंटर'. बैल स्वतःचे, पण टायरगाडी कारखान्याची भाड्याने, ते 'टायर सेंटर'. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, मोळ्या डोक्यावर वाहून ट्रकमध्ये भरायच्या, ते 'डोकी सेंटर'. टायरगाडीत माल अधिक बसतो, मजुरी टनावर, म्हणून ती मजुरालाही हवीशी वाटते. पण गाडीचे भाडे कापले जाते, बैल बहुधा मुकादमाच्या उचलीतून घेतलेले असतात, आणि उचल फेडायची म्हणजे खेप भरून न्यायची. टेंभुर्णीच्या गाडीत ओझ्याची मर्यादा मालकाच्या हिताने आपोआप पडत होती. इथे गाडी एकाची, बैल दुसऱ्याचे, बैलांवरचे कर्ज तिसऱ्याचे. त्यामुळे थांबा म्हणणारे कोणी उरत नाही. चाक पूर्वीपेक्षा चांगले आहे, यात शंका नाही. फक्त त्याच्या चांगुलपणाचा वाटा खालपर्यंत पोहोचत नाही.

ट्रॅक्टरने बैलाची सुटका केली असे म्हटले जाते आणि ते बरेचसे खरे आहे. पण हिशेब तिथेही संपत नाही. रुंद टायर जमिनीच्या वरच्या थरावरचा दाब कमी करतो. खोलवरच्या मातीवर येणारा भार मात्र टायरच्या रुंदीपेक्षा आखावरच्या एकूण वजनावर अवलंबून असतो. रुंद टायर लावून त्या जोरावर ट्रॉली अधिक भरली, तर चाकाचा माग उथळ दिसतो आणि नांगराच्या खालची माती दडपत जाते. पूर्वी ओझे बैलाच्या खांद्यावर दिसे, आता ते जमिनीच्या पोटात जाते, एवढाच फरक. कॅल्थ्रॉपचा आखाचा नियम येथे आठवावा.

जीपचेही तेच. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला सोळा इंची रिमवर सहा इंच रुंदीचे टायर होते, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने जीप बनवायला घेतली, तेव्हा त्याच जातीच्या सडपातळ टायरांवर ती खेडोपाडी पोहोचली. तेथे दहा टक्के अधिक व्यासाचा टायर बसवला, की आख त्या वाढीच्या निम्म्याने उंच होतो, पण जमिनीवर मिळणारा रेटा जवळपास दहा टक्क्यांनी उणावतो, ब्रेकला अधिक झगडावे लागते, आणि वेगाचा काटा ६० दाखवीत असताना गाडी ६६ ने धावत असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनात मनमानी बदल करण्यास मज्जाव करते, त्यामागेही हेच कारण आहे: एका ठिकाणी मिळवलेला लाभ यंत्र दुसऱ्या ठिकाणी वसूल करते.

मुलूख मैदान ओढणाऱ्या बैलांची संख्या परंपरेने तरी जपून ठेवली. आज हंगामात कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन किलोपर्यंत नोंदले जाते. ते ओढणाऱ्या बैलाच्या वजनाची नोंद कोठेही होत नाही, आणि १९६५ च्या नियमांतील कोष्टक तर बैलाच्या वजनावरच उभे आहे. मोठे चाक बसवावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. ते बसलेलेच आहे. त्याने वाचवलेले बळ कोणाच्या खात्यावर जमा करायचे, हे मात्र चाक ठरवीत नाही. ते गाडीचा मालक ठरवतो, आणि काट्यावर बैलासाठी एक रकाना वाढवला, तर त्या ठरवण्याला निदान एक मर्यादा पडेल.